दोन्ही पंखांना सारखे माप : घरी बांधलेल्या विमानाच्या झडपा



थंडीच्या दिवसांत सकाळच्या वेळी जेऊर स्टेशनावर दौंडकडे जाणारी गाडी धरावी आणि खिडकीशी जागा मिळवावी. वाशिंबे, पारेवाडी अशी लहान लहान स्टेशने मागे पडत जातात आणि मध्येच उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी डोळ्यांत भरते. भीमा नदीवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. थंडी पडली की या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे येतात. आपल्याकडे त्यांना अग्निपंख असेही म्हणतात. पक्षी पाहायला लांबलांबून माणसे येतात, छायाचित्रे काढतात. पण आज मी तुम्हाला त्या पक्ष्याचा रंग पाहा असे सांगणार नाही. तो पाण्यावर उतरतो कसा, तेवढे पाहा.

उडताना त्याचे पंख ताठ असतात. उतरायची वेळ आली की तो पंख फाकवतो, पंखाची मागली कड खाली वाकवतो, शेपूट पसरतो आणि पाय पुढे टाकतो. वेग मंदावत जातो. पण तो धोंड्यासारखा खाली पडत नाही. अलगद, जिन्याच्या पायऱ्या उतरावे तसा खाली येतो. आणि आणखी एक गोष्ट नीट पाहा. सरळ उतरताना डावा पंख जेवढा वाकतो तेवढाच उजवाही वाकतो. पक्ष्याला कोणी पाणसळ लावून दिलेली नसते, पण दोन्ही बाजू सारख्या ठेवायचे त्याला उपजतच कळते.

माणसाला ते उपजत कळत नाही. त्याला पत्रा, बिजागरी, दांडी आणि तार घेऊन तेच काम करावे लागते. विमानाच्या पंखाच्या मागल्या कडेला, धडाच्या जवळच्या अंगाला, एक खाली वळणारा तुकडा असतो. त्याला विमानवाले फ्लॅप म्हणतात. आपण त्याला झडप म्हणू. मोठ्या कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाच्या झडपा बसवायला जाणती माणसे आणि हत्यारे असतात. पण जो माणूस आपल्या घरी, आपल्या हातांनी विमान बांधतो, त्याने काय करावे? आजचे बोलणे त्याविषयी आहे.

आता तुम्ही म्हणाल, घरी विमान कोण बांधतो? अहो, आपल्याच राज्यात बांधले आहे. मुंबईला कांदिवलीच्या चारकोप भागात राहणारे कॅप्टन अमोल यादव हे त्या वेळी प्रवासी विमाने चालवणारे वैमानिक होते. त्यांनी आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभे केले. ते गच्चीवरून खाली आणायचे म्हणजे भाग सुटे करून यारीनेच उतरवावे लागले. २०१६ सालच्या फेब्रुवारीत मुंबईत ‘मेक इन इंडिया’चे प्रदर्शन भरले, तेव्हा लोकांनी ते विमान पाहिले. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याचे चाचणी-उड्डाण झाले. गच्चीपासून आकाशापर्यंतच्या या वाटेत किती वर्षे गेली आणि किती कागद लिहावे लागले, याची कल्पना तुम्हीच करा.

परदेशात ही हौस अधिक रुजलेली आहे. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना काढली आणि ती पुढे फार मोठी झाली. तिथला नियम असा की, विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केले पाहिजे. तरच ते घरचे विमान. म्हणजे चूक झाली तर बोट दाखवायला दुसरा कोणी नाही. ज्याने पाना फिरवला तोच पुढे त्या विमानात बसतो, आणि पुष्कळदा शेजारच्या जागेवर त्याच्या घरचेच माणूस असते. मी पुढे जे सांगणार आहे ते कोणा एकाच्या विमानाचे नव्हे; लहानशा दोन आसनी विमानाचे सर्वसाधारण वर्णन आहे, हे ध्यानात ठेवावे.

झडप काय करते, ते आधी समजून घेऊ. खळ्यावर उपणणी करताना तुम्ही वाऱ्यात सूप धरलेले आहे. सूप आडवे धरले तर वारा त्याच्या वरून-खालून निघून जातो. त्याची वाऱ्याकडची कड किंचित उचलली की सूप वर उचलल्यासारखे होते, आणि फार उचलली तर वारा ते मागे ढकलू लागतो. यातल्या वर उचलण्याला आपण ‘उचल’ म्हणू आणि मागे ढकलण्याला ‘ओढ’ म्हणू. विमानाच्या पंखाला या दोन्ही गोष्टी लागू आहेत. झडप खाली केली की पंख अधिक बाकदार होतो. त्यामुळे उचल वाढते आणि ओढही वाढते. झडप थोडी खाली केली तर उचलीचा फायदा जास्त. पुष्कळ खाली केली तर ओढ जास्त. म्हणून विमान वर चढताना थोडी झडप वापरतात आणि उतरताना पुष्कळ.

हा फायदा किती? थोडा हिशेब करू. गुरुजींनी हा फळ्यावर मांडावा. उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, झडपा मिटलेल्या असताना एक विमान ताशी ८० किलोमीटरपेक्षा हळू गेले की त्याचा पंख तोल धरीत नाही. झडपा सोडल्यावर पंखाची जास्तीत जास्त उचल एक तृतीयांशाने वाढली असे धरा. तर तोच भार आता वेगाचा वर्ग तीन चतुर्थांश असला तरी पेलता येतो. ८० चा वर्ग ६४००. त्याचा तीन चतुर्थांश ४८००. आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ६९. म्हणजे ताशी ११ किलोमीटर कमी वेगाने उतरता येते. अकरा हा आकडा लहान वाटतो. पण जमिनीवर टेकताना विमानात जी गतीची शक्ती असते, जी ब्रेकांना जिरवावी लागते, ती एक चतुर्थांशाने घटते. लहान धावपट्टीच्या शेवटी बांध असेल, विहीर असेल, तर त्या चतुर्थांशाचे मोल काय, हे सांगायला नको.

ही युक्ती फार जुनी नाही. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांचे ‘पस मॉथ’ जातीचे विमान घसरत फार लांब जाऊ नये म्हणून त्यात वेगळीच सोय होती. चाकाच्या पायावरची वाऱ्याला चुकवणारी पाती आडवी फिरवली की वारा अडे आणि विमानाला हवेतच ब्रेक लागे. म्हणजे ओढ मिळे, पण उचल मिळत नसे. झडप या दोन्ही गोष्टी एकदम देते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. बाकीचे विसरलात तरी चालेल, पण एवढी विसरू नका. झडप किती खाली गेली, यापेक्षा दोन्ही झडपा सारख्या खाली गेल्या की नाही, याला अधिक महत्त्व आहे.

का, ते पाहा. गाडीला जुंपलेली बैलजोडी दोन्ही अंगांनी सारखी मंद चालली, तर गाडी उशिरा पोचेल, एवढेच. पण एक बैल जोर करतो आणि दुसरा अंग चोरतो, असे झाले तर गाडी चाकोरी सोडून बांधावर चढते. विमानाचेही तसेच आहे. वीस अंशांऐवजी दोन्ही झडपा अठराच अंश गेल्या, तर विमान जरा वेगाने उतरेल. पण डावी वीस आणि उजवी दहा गेली, तर डाव्या पंखाला उचल जास्त मिळेल आणि विमान उजवीकडे कलंडू लागेल. वैमानिकाच्या हातात ते सावरायला एलेरॉन असतात. पंखांच्या टोकांजवळच्या या दोन पट्ट्या एक वर, एक खाली अशा फिरतात. पण झडपा सोडतात केव्हा? वेग कमी असताना आणि जमीन जवळ असताना. आणि वेग कमी झाला की एलेरॉनचा जोरही कमी होतो. म्हणजे रोग बळावतो नेमका तेव्हाच, जेव्हा औषध पातळ झालेले असते. म्हणून मोठ्या प्रवासी विमानांत दोन्हीकडच्या झडपांत फरक पडला की त्या आपोआप थांबवणारी यंत्रणा असते. घरी बांधलेल्या लहान विमानात ती यंत्रणा म्हणजे बांधणाऱ्याची मोजपट्टी आणि त्याचा कडवेपणा.

लहान विमानातली रचना अशी असते. वैमानिकाच्या हाताशी मोटारीच्या हातब्रेकासारखा एक दांडा असतो आणि त्याला तीन-चार खाचा असतात : मिटलेली, दहा अंश, वीस अंश, तीस अंश. दांडा ओढला की धडातून आडवी गेलेली एक नळी फिरते. त्या नळीच्या दोन टोकांना दोन लहान हात असतात आणि प्रत्येक हातापासून एक दांडी त्या-त्या बाजूच्या झडपेपर्यंत जाते. काही विमानांत दांड्यांऐवजी पोलादी तारांचा दोर कप्प्यांवरून नेलेला असतो.

पहिले काम विमान समतळ करण्याचे. गवंडी भिंत उभारताना जसा आधी पाया पाणसळीत आणतो, तसेच हे. चाकांना ठोकळे लावायचे, विमान उचलून घोड्यांवर ठेवायचे, आणि आराखड्यात दाखवलेल्या जागी पाणसळ ठेवून ते लांबीने आणि रुंदीने समतळ करायचे. नंतर शेपटीच्या एका ठरलेल्या बिंदूपासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत सूत धरायचे. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. पंखच वाकडा बसला असेल तर झडप सरळ बसवून काय उपयोग? हे काम वारा नसताना, सावलीत, सकाळच्या वेळी करावे. उन्हात एक पंख तापलेला आणि दुसरा सावलीत, अशा वेळी घेतलेली मापे फसवतात.

दुसरे काम झडप मोकळी तपासण्याचे. दांडी न जोडता झडप नुसती बिजागरीवर हलवून पाहायची. ती आपल्या वजनाने, कुठेही न अडकता खाली आली पाहिजे. कुठे घासत असेल, बिजागरीची खीळ आवळत असेल, तर ते आधी दुरुस्त करायचे. दांडीच्या जोराने ‘चालते की’ म्हणून पुढे जाऊ नये. आज जे हाताला जड लागते ते उद्या हवेत अडकून बसते.

तिसरे काम मिटलेली जागा ठरवण्याचे. सगळी मापे इथून मोजायची, म्हणून ही जागा पक्की हवी. पंखाच्या आकाराची एक फळी प्लायवुडमधून कापून घेतात आणि ती पंखाखाली धरून झडप तिला नीट टेकते का ते पाहतात. डावीकडे जी फळी वापरली तीच उजवीकडे उलटून वापरायची. दोन फळ्या केल्या की दोन मापे झाली, आणि दोन मापे म्हणजे भांडण.

चौथे काम दांड्या जोडण्याचे. दांडीच्या टोकाला आट्यांचे एक डोके असते. ते आत-बाहेर फिरवून दांडी लांब-आखूड करता येते. एका फेऱ्याने किती फरक पडतो? आटे इंचाला २८ असतील, तर एका फेऱ्यात दांडीची लांबी सुमारे ०.९ मिलिमीटर बदलते. झडपेवरचा हात ५० मिलिमीटर लांब असेल, तर तेवढ्याने झडप सुमारे एक अंश फिरते. अर्ध्या फेऱ्याला अर्धा अंश. हे ध्यानात आले की अंदाजाने फिरवत बसावे लागत नाही. किती फेरे हवेत ते वहीत लिहूनच पाना उचलता येतो.

इथे एक मोठी सावधगिरी आहे. डोके बाहेर काढता काढता त्याचे फार थोडे आटे आत उरतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून पुष्कळ दांड्यांना एक बारीक भोक ठेवलेले असते. त्यात तार घालून पाहायची. तार आरपार गेली तर आटे पुरेसे आत नाहीत असे समजावे आणि ते काम तिथेच थांबवावे. दांडी लांब हवी तर दुसरी करावी. आठवड्याभराचे काम वाढेल, वाढू द्या.

दोराची रचना असेल तर त्यात टर्नबकल नावाचा पेच असतो. विजेच्या खांबाची ताणतार आवळायला असतो तशाच जातीचा. त्याच्या एका टोकाला सुलटे आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे, म्हणून मधले नळकांडे फिरवले की दोन्ही टोके एकदम जवळ येतात. आवळून झाल्यावर नळकांड्याबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, हा विमानवाल्यांचा जुना दंडक आहे. मग त्याला बारीक तारेने बांधून टाकायचे, म्हणजे कंपनांनी तो आपोआप सैल होत नाही. दोर तपासताना त्यावरून फडके फिरवावे. तुटलेला बारीक तंतू असेल तर फडके अडकते. बोट फिरवू नये. तंतू बोटात घुसतो.

दोराचा ताण किती ठेवायचा, ते आराखड्यात दिलेले असते. पण आपल्या सोलापूर जिल्ह्यात एक गोष्ट विसरू नये, ती म्हणजे ऊन. विमानाचे धड अॅल्युमिनियमचे आणि दोर पोलादाचा. एक अंश उष्णता वाढली की मीटरभर अॅल्युमिनियम ०.०२३ मिलिमीटर वाढते, तर तेवढेच पोलाद सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. थंडीतल्या पहाटे १२ अंशांवर दोर बसवला आणि वैशाखात दुपारी ४२ अंश झाले, तर चार मीटर लांबीत धड दोरापेक्षा सुमारे १.३ मिलिमीटर जास्त वाढेल आणि दोर तेवढा अधिक ताणला जाईल. उन्हाळ्यात बसवलेला दोर थंडीत सैल पडेल. म्हणून ताण मोजताना त्या वेळची उष्णता वहीत लिहून ठेवायची, आणि ऋतू बदलला की पुन्हा मोजायचे. थंड देशात लिहिलेला आकडा इथे तसाच्या तसा उचलू नये. सोबत दिलेला उष्णतेचा तक्ता पाहावा.

पाचवे काम मोजण्याचे. यासाठी महागडे यंत्रच पाहिजे असे नाही. झडपेची रुंदी बिजागरीपासून मागल्या कडेपर्यंत ३०० मिलिमीटर आहे असे धरा. दहा अंशांना तिची कड ५२ मिलिमीटर खाली जाते, वीस अंशांना १०३ आणि तीस अंशांना १५०. शाळेत साइनचा तक्ता शिकवताना मुले विचारतात ना, ‘गुरुजी, याचा उपयोग काय?’ हा उपयोग. साधी पट्टी आणि ओळंबा असला तरी एका अंशाचा फरक पाच मिलिमीटर होऊन समोर दिसतो.

मोजताना एक युक्ती आहे. जमिनीवर झडप आपल्या वजनाने खाली लोंबते. हवेत मात्र वारा तिला वर ढकलतो. त्यामुळे सांध्यांत जो ढिलेपणा असतो तो जमिनीवर एका बाजूला आणि हवेत दुसऱ्या बाजूला जातो. म्हणून माप घेताना झडपेची कड तळहाताने अलगद वर दाबून धरावी, म्हणजे हवेतली स्थिती मिळते. प्रत्येक खाचेला डावे माप, उजवे माप आणि दोहोंतला फरक असे तीन आकडे लिहावेत. आराखडा जेवढा फरक चालवून घेतो त्याहून तो जास्त असेल तर पुन्हा चौथ्या कामाकडे वळावे. एका खाचेला बरोबर आणि दुसऱ्या खाचेला चूक असे आले, तर दांडीची लांबी नव्हे, नळीवरच्या दोन हातांचे कोन सारखे नाहीत असे समजावे. तिथे पाना कितीही फिरवला तरी गुण येणार नाही.

आणि हो, एकजण आत बसून दांडा ओढतो आणि दुसरा बाहेर मोजतो, तेव्हा आतल्याने दांडा हलवण्याआधी मोठ्याने हाक द्यावी आणि बाहेरच्याने ‘हात काढला’ असे उत्तर द्यावे. झडप आणि पंख यांच्या फटीत सापडलेले बोट गेलेच म्हणून समजा.

सहावे काम कुलपे लावण्याचे. दांडीच्या डोक्यामागची चाकी आवळायची. प्रत्येक बोल्टाच्या नटात दुहेरी खीळ घालून ती दुमडायची. बैलगाडीच्या आसाच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून खीळ घालतात, तशीच ही. एका बाजूची खीळ राहिली आणि बोल्ट गळून पडला, तर ती एकच झडप वाऱ्याने वर उचलली जाईल आणि दुसरी खालीच राहील. म्हणजे सारे माप बरोबर घेऊनही आपण त्याच खड्ड्यात पडू. म्हणून हे काम झाले की दुसऱ्या जाणत्या माणसाला बोलवावे आणि आपण बाजूला उभे राहावे. ‘मीच बांधले आहे, मला ठाऊक आहे’ असे म्हणू नये. आपलीच चूक आपल्याला दिसत नाही. पत्रात आपण लिहिलेली चूक आपण दहादा वाचूनही सुटते आणि मास्तरांना एका नजरेत सापडते, हे आपण शाळेत अनुभवलेले आहे.

आता एक मोह सांगतो. काही वेळा नवे विमान सरळ उडताना एका अंगाला किंचित कलते. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, त्या अंगाची झडप जरा खाली ठेव, म्हणजे पंख उचलला जाईल. उपाय लागू पडतो, हे खरे. काही विमानांचे आराखडे करणारे मर्यादेत तसे करायला परवानगीही देतात. पण आधी विचारावे की पंख जड का झाला? तो बसवतानाच वाकडा बसला आहे का? एका बाजूच्या टाकीत इंधन जास्त होते का? रोग न शोधता झडपेने तो झाकला, तर दोन्ही झडपांचे सारखेपण आपणच आपल्या हाताने मोडले असे होते.

शेवटचे काम आकाशातले. पहिल्या उड्डाणात झडपा जमिनीजवळ तपासत नाहीत. पुरेशी उंची घ्यायची, वेग मर्यादेत आणायचा. वेग दाखवणाऱ्या घड्याळावर एक पांढरी कमान काढलेली असते. काटा तिच्या वरच्या टोकाच्या आत आल्याशिवाय झडपा पूर्ण सोडायच्या नाहीत, नाहीतर वाऱ्याच्या जोराने बिजागऱ्याच मोडतील. मग एकच खाच, आणि हात दांड्यावरच. विमान एका अंगाला कलू लागले तर विचार करीत बसायचे नाही. दांडा मागच्या खाचेवर न्यायचा. ज्या हालचालीने बिघाड झाला ती उलटी फिरवणे हाच पहिला उपाय. उतरताना विमान वर न्यावे लागले तरी सगळ्या झडपा एकदम मिटायच्या नाहीत. मिळालेली उचल एकदम गेली तर विमान खचते. जिना चढावा तशी एकेक खाच.

गुरुजींना एक विनंती आहे. जाड पुठ्ठ्याचे, वेगळी शेपूट असलेले एक लहान विमान मुलांकडून करवून घ्या. नाकाला मातीचा गोळा लावून ते नीट तरंगेल असे करा. मग दोन्ही पंखांच्या मागल्या कडेला, धडाजवळ, सारख्या मापाचे काप देऊन दोन झडपा करा. आधी दोन्ही किंचित आणि सारख्या वाकवून सोडा. मग एकच वाकवून सोडा. बहुतेक वेळा ज्या बाजूची झडप वाकवली त्याच्या विरुद्ध बाजूला विमान कलून वळेल. मग मुलांना पट्टी द्या आणि दोन्ही झडपा मिलिमीटरच्या आत सारख्या करायला सांगा. तेव्हा त्यांना कळेल की सारखे करणे हे बोलायला सोपे आणि हाताला अवघड असते. त्यासाठी मोजावे लागते, लिहावे लागते, पुन्हा मोजावे लागते.

तसे पाहिले तर या कामात फार मोठी विद्या नाही. पाणसळ, ओळंबा, सूत, पट्टी आणि वही, एवढीच सामग्री. आपल्या गावातला चांगला सुतार, गवंडी, लोहार हीच हत्यारे वापरतो आणि याच शिस्तीने वापरतो. फरक एवढाच की दार वाकडे बसले तर ते करकरते, भिंत वाकडी उभी राहिली तर लोक हसतात. विमानात मात्र करकर ऐकू येत नाही आणि हसायला कोणी जवळ नसते. गच्चीवर किंवा गोठ्याशेजारच्या छपरात विमान बांधणाऱ्याने म्हणून जमिनीवरच स्वतःचे ऐकणे आणि स्वतःला हसणे करून घ्यावे. एकदा पंख सुटे केले, गाडीवर घालून दुसऱ्या मैदानावर नेले आणि पुन्हा जोडले, की सगळी मापे पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. काल बरोबर होते, ही आजची खात्री नव्हे.

पुढच्या थंडीत उजनीच्या काठाला गेलात, तर उतरणाऱ्या रोहितांकडे पाहताना हे बोलणे आठवा. त्यांचे दोन्ही पंख बरोबर सारखे वाकतात, आणि म्हणून पाण्यावर टेकताना त्यांच्या पायांखाली फक्त एक बारीक रेघ उमटते.